शिवराई आणि चिनी नाणे : शहापूर-मुरबाडच्या चलन-इतिहासाविषयी काही विचार

१

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या पूर्वकालीन अर्थव्यवहाराविषयी एक समज आपल्या अभ्यासात रूढ होऊन बसला आहे. बंदरांत आणि मोठ्या पेठांत नाणे खेळत होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या डोंगराळ मुलखात मात्र वस्तुविनिमयच चालत होता. आणि नाण्याचा खरा प्रवेश येथे इंग्रजी अमलाबरोबर व आगगाडीबरोबर झाला, असा तो समज होय. त्यामुळे या भागाचा राजकीय इतिहास तपशिलाने लिहिला जातो आणि आर्थिक इतिहास चार वाक्यांत आटोपला जातो. माहुली किल्ल्यास १६३६ साली पडलेला वेढा आणि त्यानंतर शहाजीराजांना करावा लागलेला तह प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. त्याच माहुलीच्या पायथ्याच्या गावात मीठ कोणत्या नाण्याने विकत मिळे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही आणि प्रबंधातही सहसा आढळत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, वरील समज पुराव्याच्या अभावापेक्षा मापदंडाच्या चुकीतून निर्माण झालेला आहे. आपण नाणे म्हणजे रुपया असे धरून चालतो. रुपया ज्या गावात क्वचित दिसतो, ते गाव आपल्या लेखी नाणेविरहित ठरते. तांब्याच्या नाण्याला ‘मोड’ किंवा ‘चिल्लर’ म्हणून बाजूला सारल्यावर ज्या लोकांच्या हाती तांब्यावाचून दुसरे नाणे पडत नव्हते, ते लोकही आपोआप इतिहासाबाहेर जातात. हा दोष दूर करण्यासाठी अलीकडच्या दोन विद्वानांची मते उपयोगी पडतात. मात्र ती मतेही जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. त्यांचे परीक्षण करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मुरबाडच्या बाजाराचा विचार करण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन दुहेरी आहे. एक तर, हलक्या धातूचे नाणे हेच ज्या विशाल साम्राज्याचे मुख्य नाणे होते, असे जगातील सर्वांत ठळक उदाहरण चीनचे आहे. तेव्हा तांब्याच्या नाण्याकडे गौण वस्तू म्हणून पाहण्याची आपली सवय तेथे गेल्यावरच सुटते. दुसरे असे की, या दोन प्रदेशांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. सतराव्या शतकात जपानी खाणींतील तांबे नागासाकी बंदरातून चिनी गलबतांनी चीनच्या टांकसाळींकडे जात होते, आणि त्याच बंदरातून डच कंपनी ते सुरत, कोरोमंडल व बंगाल येथे आणून विकत होती. १७१५ साली जपानने तांब्याच्या निर्गतीवर कडक मर्यादा घातली, तेव्हा चीनला आपल्या युनान प्रांतातील खाणींकडे वळावे लागले, आणि हिंदुस्थानातील तांब्याच्या बाजारासही त्याची झळ लागली. क्रिस्टोफ ग्लामान यांनी डच कंपनीच्या कागदपत्रांवरून या व्यापाराचे जे चित्र १९५० च्या दशकात उभे केले, ते आपल्या नाणेअभ्यासकांनी अवश्य पाहण्यासारखे आहे.

२

प्रथम चिनी नाण्याचे स्वरूप थोडक्यात पाहू. इ. स. पूर्व २२१ मध्ये चिन घराण्याने देश एकछत्री केला, तेव्हा मध्ये चौकोनी छिद्र असलेले वाटोळे नाणे सर्व साम्राज्याचे नाणे ठरले. इ. स. पूर्व ११८ मध्ये हान सम्राट वू-ती याच्या काळी पाच चू वजनाचे नाणे निघाले, आणि ते प्रमाण सातशे वर्षांहून अधिक काळ टिकले. इ. स. ६२१ मध्ये तांग घराण्याने वजनाच्या उल्लेखाऐवजी चार अक्षरे असलेले नाणे काढले. त्याची घडण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कायम राहिली. धातू प्रारंभी कांसे, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचे मिश्रण. सोळाव्या शतकापासून मात्र जस्ताचे मिश्रण वाढून नाणे पितळेचे झाले.

आपल्याकडील नाणे ठोकीव असे, तर चिनी नाणे ओतीव. साच्यात रस ओतला की झाडाच्या फांदीस पाने लागावीत तशी नाणी एका दांडीला लागून निघत. ती तोडून, चौकोनी गजावर ओवून, त्यांच्या कडा घासल्या जात. पुढे व्यवहारात हेच छिद्र नाणी दोरीत ओवण्यास उपयोगी पडे. १००० नाण्यांची एक माळ हा हिशेबाचा मोठा परिमाण होता. सुंग घराण्याच्या भरभराटीच्या काळी, १०८० च्या सुमारास, सरकारी टांकसाळींतून वर्षाला सुमारे ५० लक्ष माळा बाहेर पडत होत्या. परंतु माळ नाममात्र १००० ची असे. सरकारनेच दहाव्या शतकाच्या अखेरीस १०० ची गणती ७७ नाण्यांवर भागेल असे ठरविले होते, आणि स्थानिक बाजारांत ही संख्या आणखी निराळी असे. म्हणजे नाणे एकच असले तरी त्याची मोजणी मात्र बाजारागणिक बदलत होती.

या व्यवस्थेचा एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सोळाव्या शतकात मिंग सरकारने निरनिराळे कर एकत्र करून ते चांदीत घेण्यास आरंभ केला. शेतकरी भात विकी ते तांब्याच्या नाण्यांवर. कर भरी तो चांदीत. मांचू राजवटीत १००० नाण्यांस चांदीचा एक ‘ताएल’ असा सरकारी दर होता. परंतु १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात चांदी देशाबाहेर जाऊ लागली, आणि १८५० च्या सुमारास हा दर अनेक ठिकाणी दुपटीवर गेला. सरकारने कर वाढविला नव्हता. भाताचा भावही तांब्यात पूर्वीइतकाच धरला, तरी एक ताएल चुकविण्यासाठी शेतकऱ्यास दुप्पट भात विकणे प्राप्त झाले. लिन मान-हौंग यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अरिष्टाचे विवेचन केले आहे. त्यातून निघणारा धडा असा की, दोन धातूंच्या नाण्यांमध्ये जे अंतर असते, त्या अंतरातच राज्याचा व सावकाराचा लाभ आणि रयतेचा तोटा दडलेला असतो.

३

आता ज्या दोन विद्वानांचा वर उल्लेख केला, त्यांच्या मतांकडे वळू. फ्रँक पर्लिन यांनी १९८० च्या दशकात लिहिलेल्या निबंधांत, ब्रिटिशपूर्व हिंदुस्थानातील खेडी नाणेविरहित होती हे मत खोडून काढले. पश्चिम दख्खन त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख क्षेत्र असल्याने त्यांचे लेखन आपणास जवळचे आहे. मालदीव बेटांतून येणाऱ्या कवड्या, गुजरातेत चलन म्हणून वापरले जाणारे इराणी कडू बदाम आणि परदेशातून येणारे तांबे यांचे प्रमाण इतके मोठे होते की, ते सर्व केवळ शहरांत जिरणे शक्य नव्हते. क्षुद्र मोलाचे चलन ज्या अर्थी इतक्या दूरवरून व खर्चाने आणले जात होते, त्या अर्थी क्षुद्र मोलाचे व्यवहार करणारी माणसेही फार मोठ्या संख्येने होती, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

अकिनोबु कुरोडा यांनी याच विचाराला अधिक व्यापक रूप दिले. मूळचे चिनी चलनाचे अभ्यासक असलेल्या कुरोडांनी २००८ मधील एका निबंधात आणि पुढे २०२० च्या ‘ए ग्लोबल हिस्टरी ऑफ मनी’ या ग्रंथात असे मांडले की, एका देशाचे एकच चलन असणे ही अलीकडची गोष्ट आहे. पूर्वी अनेक चलने एकमेकांस पूरक म्हणून नांदत असत. प्रत्येकाचे काम निराळे, फिरण्याचे क्षेत्र निराळे, आणि त्यांच्यातील दर स्थिर असण्याची आवश्यकताही नसे. हलक्या नाण्याचा स्वभावच असा की, ते सुगीच्या वेळी पेठेतून खेड्यांत जाते आणि तेथेच थोडे थोडे विखरून राहते. ते परत गोळा करणे खर्चाचे असते. यास्तव प्रत्येक मोसमास नव्या नाण्याची मागणी होते. चीनच्या ग्रामीण बाजारात कोणीही यावे, कोणाशीही व्यवहार करावा, अशी मोकळीक होती. म्हणून तेथे निनावी, हातोहात फिरणारे तांबे आवश्यक होते. उलट पश्चिम युरोपातील खेड्यांत ओळखीच्या माणसांतील उधारीवर पुष्कळसे व्यवहार भागत. ‘निनावी नाणे’ आणि ‘नावावरची उधारी’ असा हा भेद आहे, आणि तो अतिशय मार्मिक आहे, यात शंका नाही.

४

या विवेचनाच्या प्रकाशात आपल्या शिवराईकडे पाहू. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी काढली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असत. प्रारंभीच्या नाण्याचे वजन सुमारे ११ ते १३ ग्रॅम भरते. पुढे त्यात घट होत गेली. होन विरळा, शिवराई मात्र महाराजांच्या नंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ, त्यांच्याच नावाने, असंख्य टांकसाळींतून पडत राहिली, आणि इंग्रजी अमलातही पुष्कळ वर्षे बाजारात चालली. चीनमध्ये सुंग सम्राटांची नाणी त्यांचे घराणे नष्ट झाल्यावर शतकानुशतके चालली. इतकेच नव्हे तर जपानातही १६३६ साली तेथील सरकारने स्वतःचे नाणे काढीपर्यंत तीच रूढ होती. चीनमध्ये लोकांचा विश्वास जुन्या नाण्यावर होता, महाराष्ट्रात तो जुन्या नावावर होता, असे म्हणता येईल.

परंतु साम्य येथेच संपते. चीनमध्ये तांब्याचे नाणे हे राज्याच्या हिशेबाचे नाणे होते, आणि निदान तत्त्वतः ते ओतण्याचा अधिकार सरकारचा होता. मराठी राज्यात हिशेब रुपयाचा आणि तांबे मक्त्याचे, अशी स्थिती झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ साली मराठ्यांच्या चलनावर व टांकसाळींवर जो निबंध वाचला, त्यात पेशव्यांच्या रोजनिशीतील नोंदींवरून त्यांनी असे दाखविले की, कोकणातील रेवदंडा, नागोठणे यांसारख्या ठिकाणी तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने खासगी व्यक्तींना ठराविक रकमेवर दिले जात. मक्तेदार आपला नफा पाहणार हे उघड आहे. म्हणून शिवराईची अक्षरे बिघडत गेली, ‘शिव’ चे ‘सिव’ झाले, वजनात फरक पडला, आणि एका पेठेची शिवराई दुसऱ्या पेठेत बट्ट्याने घेण्याची वेळ आली.

आपली भाषाच याची साक्ष देते. ‘खुर्दा’, ‘मोड’, ‘रुका’, ‘अडका’, ‘दमडी’, ‘छदाम’, ‘ढब्बू’, ‘दुदांडी’ अशी हलक्या नाण्यांसाठी शब्दांची जी समृद्धी मराठीत आहे, ती तांबे न वापरणाऱ्या समाजात संभवत नाही. ‘पैसा-अडका’ हा जोडशब्द आजही सर्वांच्या तोंडी आहे, पण त्यातील ‘अडका’ हे नाणे होते, याचे स्मरण फार थोड्यांस असते. याहून बोलका शब्द ‘पोतदार’ हा होय. सरकारी भरण्यात आलेले नाणे पारखणारा अधिकारी आणि गावचा सोनार, असे या शब्दाचे दोन्ही अर्थ मोल्सवर्थने आपल्या कोशात दिले आहेत. ज्या गावात नाणे येतच नाही, त्या गावास नाणी पारखणारा बलुतेदार कशाला लागतो? गावाच्या घडणीतच जर पारख्याची जागा असेल, तर तेथे नाणी येत होती, ती एका प्रकारची नव्हती, आणि त्यांच्यात खरेखोटे व भारीहलके निवडावे लागत होते, हे मान्य करावे लागते.

५

हे सर्व शहापूर-मुरबाडला कितपत लागू पडते? हा मुलूख निर्जन कोपरा नव्हता. कल्याण बंदराकडून देशावर जाणाऱ्या दोन प्रमुख वाटा याच तालुक्यांतून जात: शहापूरवरून थळ घाटाने नाशिककडे, आणि मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरकडे. नाणेघाटाचा माथा जुन्नर तालुक्यात असला तरी चढण मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून लागते. घाटातील लेण्यात असलेल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेदाखल हजारोंच्या संख्येने ‘कहापण’ दिल्याचे नमूद आहे. माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, अशी लोकांत कथा आहे. परंतु कथेवरून किंवा राणीच्या दानावरून घाटाखालच्या वस्तीचे चलन सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लेखातील कहापण हे राजाचे व वाटेचे नाणे आहे. आपणास हवे आहे ते वाटेच्या दोहो बाजूंस राहणाऱ्यांचे नाणे.

ते नाणे कोठे शोधावे, याची दिशा कुरोडांच्या विवेचनात सापडते: मोसमात. या भागाचे पीक भात. वरकस जमिनीत नाचणी व वरी. भात कार्तिक-मार्गशीर्षात घरात येते. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे यात्रा भरते, आणि तेथील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. सुगी, यात्रा व गुरांचा बाजार यांचा हा क्रम आकस्मिक नाही. भात विकून हाती आलेले नाणे ज्या थोड्या दिवसांत बाहेर पडते, तेच हे दिवस होत. बैल हा रुपयांचा सौदा. मीठ, मिरची, बांगड्या, कोयती ही तांब्याची खरेदी. एकाच मैदानात दोन नाणी दोन निराळी कामे करतात, या कुरोडांच्या कल्पनेचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

तथापि येथेच त्यांच्या सिद्धान्ताची मर्यादाही दिसू लागते. निनावी नाणे एका देशात आणि नावावरची उधारी दुसऱ्या देशात, अशी त्यांची मांडणी आहे. शहापूर-मुरबाडात ही दोन्ही एकाच घरात, एकाच वर्षात आढळतात. पौषात यात्रेत शिवराई देऊन कोणाही दुकानदाराकडून मीठ घेणारा ठाकूर किंवा कातकरी आषाढात, घरातले धान्य संपल्यावर, एकाच सावकाराच्या दारी खावटीसाठी उभा असतो. खावटीचे धान्य सुगीस सवाईने किंवा दिढीने फेडावयाचे. येथे देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, त्याची जमीन, त्याची मजुरी, सर्व काही वहीत बांधलेले असते. तेव्हा प्रश्न कोणत्या देशाने कोणते साधन निवडले, असा राहत नाही. वर्षाच्या कोणत्या महिन्यात माणसाला बाजारात उभे राहता येत होते आणि कोणत्या महिन्यात येत नव्हते, असा तो होतो.

यातील गणित स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, आषाढात रुपयास ८ पायली भात मिळते आणि सुगीस १२ पायली. कुळाने आषाढात ८ पायली भात नेले. सावकाराने ते वहीत धान्य म्हणून मांडले, तर दिढीने सुगीस १२ पायली परत द्यावयाचे. परंतु त्याने ते एक रुपया म्हणून मांडले, आणि फेड मात्र सुगीच्या भावाने धान्यात घेतली, तर केवळ मुद्दलापोटीच १२ पायली द्यावे लागते. त्यावर दिढी चढविली की १८ पायली होते. नेलेले धान्य ८ पायली, फेडलेले १८. एकही नाणे हातात न येता, केवळ हिशेब नाण्यात मांडल्यामुळे कुळाचा तोटा दुपटीहून अधिक झाला. चीनमध्ये तांबे व चांदी यांच्यातील अंतराने जे केले, तेच येथे आषाढ व मार्गशीर्ष यांच्यातील अंतराने केले. वस्तुविनिमय म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, तो व्यवहार बहुधा असा नाण्यात मोजलेला व धान्यात वसूल केलेला असतो. त्याला नाणेविरहित म्हणणे म्हणजे सावकाराच्या वहीतील रुपयाचा स्तंभ न वाचणे होय.

पर्लिन यांच्या विवेचनातही हीच उणीव जाणवते. खेड्यांत नाणे होते, हे त्यांनी पुरेशा बळाने सिद्ध केले. परंतु नाणे असणे म्हणजे नाणे वापरण्याची मोकळीक असणे, असे त्यातून अप्रत्यक्षपणे सूचित होते. नाणे हाती असलेल्या माणसास दुकान निवडता येते, हे खरे. म्हणूनच ज्यास दुसऱ्याचे श्रम बांधून ठेवावयाचे असतात, तो त्याला नाणे न देता धान्य देतो. जंगलातील लाकूड, गवत, मध किंवा कात यांच्या बदल्यात रोकड दिली की मीठ यांवरून त्या व्यवहाराचे स्वरूप पालटते. चलनाच्या इतिहासात सत्तेचा हा विचार बाहेर ठेवता येत नाही.

६

इंग्रजी अमलात नाणे आले, या समजुतीकडे आता पुन्हा पाहता येईल. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया सर्वत्र एक झाला, आणि ६४ पैशांचा एक रुपया हा दर पुढे पक्का झाला. कंपनीच्या तांब्याच्या पैशाचे वजन सुमारे साडेसहा ग्रॅम, म्हणजे जुन्या शिवराईच्या निम्म्याच्या आसपास होते. त्याचे मोल धातूपेक्षा सरकारी शिक्क्यावर अवलंबून होते. १८६१ मध्ये आगगाडी कसाऱ्यास पोहोचली, आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस गेली. सराफाचा बट्टा, पोतदाराची पारख, पेठेपेठेची निराळी शिवराई यांचा हळूहळू अस्त झाला. इंग्रजी अमलाने या भागात नाणे आणले नाही. त्याने अनेक नाण्यांच्या जागी एक नाणे आणले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

मग बट्टा नाहीसा झाल्यावर डोंगरातील कुळाची सुटका झाली काय? तसे घडले नाही. सारा ठरलेल्या हप्त्यास रोख द्यावयाचा. भाव मात्र सुगीस उतरलेला. बट्टा नाण्यातून निघाला आणि धान्याच्या भावात जाऊन बसला. खावटी, सवाई व दिढी ही पुढे विसाव्या शतकातही या भागातील आदिवासींच्या कर्जबाजारीपणाच्या मुळाशी राहिली. चलनाची सुधारणा आणि व्यवहारातील न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येईल.

कांस्य नाण्याचा प्रत्यक्ष प्रवेशही या भागात उशिरा, आणि सरकारी खजिन्याच्या सोयीने झाला. १९०६ च्या कायद्याने तांब्याच्या जागी कांस्याचा पैसा आला. वजन सुमारे ४.८६ ग्रॅमवर उतरले. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाल्यामुळे १९४३ पासून मध्ये वाटोळे छिद्र असलेला, सुमारे दोन ग्रॅम वजनाचा कांस्याचा पैसा निघाला, तोच लोकांचा ‘भोकाचा पैसा’. त्याचे चिनी नाण्याशी असलेले साम्य डोळ्यांत भरणारे असले, तरी अभ्यासकाने त्यास भुलू नये. चिनी छिद्र हे ओतकामाच्या व मोजणीच्या गरजेतून आले, तर हे छिद्र धातू वाचविण्यासाठी पाडलेले. आकाराच्या साम्यावरून कार्याचे साम्य गृहीत धरणे, हा नाणेअभ्यासातील नेहमीचा दोष आहे. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि सव्वासहा नव्या पैशांचा आणा व्यवहारात ६ नव्या पैशांचा धरला गेला. रुपयाने व्यवहार करणाऱ्यास यात काहीच जाणवले नाही. आण्याने व्यवहार करणाऱ्यास मात्र पाव पैशाचा फरक पडला. ३० जून २०११ नंतर २५ पैसे व त्याखालील नाणीही व्यवहारातून गेली.

७

आता आपल्या नाणकशास्त्राविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. महेश्वरी व विगिन्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी टांकसाळींवरील ग्रंथाने या विषयाचा पाया घातला, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणे-संशोधन संस्थेने तो ग्रंथ प्रकाशित करून मोठेच कार्य केले. परंतु संग्राहकांच्या उत्साहामुळे शिवराईचे वर्गीकरण मुख्यतः अक्षरांच्या वळणावरून होत राहिले. ‘शिव’ ऱ्हस्व की दीर्घ, ठिपक्यांची कड अखंड की तुटक, याची बारीक नोंद होते. नाणे कोणत्या गावी, कशाबरोबर, किती संख्येने मिळाले, ही नोंद मात्र बाजारातच हरवते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात १३,२५० च्या वर चांदीची नाणी होती, आणि त्यांतील ९,००० हून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला होता. तो साठा एकत्र राहून मोजला गेला, म्हणूनच एका राजाने दुसऱ्याचे चलन कसे आपलेसे केले, हे आपणास कळले. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर ती केवळ सुंदर नाणी उरली असती. तांब्याच्या नाण्यांच्या नशिबी हे भाग्य सहसा येत नाही, कारण ती मोडीच्या भावाने भट्टीत जातात.

यास्तव या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, तांब्याच्या प्रत्येक नाण्याचे वजन, झीज व सापडण्याचे ठिकाण यांची नोंद ठेवणे. कारण झीज हे हातोहात फिरल्याचे प्रमाण आहे, आणि झिजलेली शिवराई संग्राहकास नकोशी असली तरी इतिहासकारास तीच अधिक मोलाची आहे. दुसरी, दुकानदारांच्या व सावकारांच्या जुन्या वह्यांत एकच देणे कोणत्या परिमाणात मांडले व कोणत्या परिमाणात वसूल केले, हे दोन्ही स्तंभ जोडून वाचणे. तिसरी, १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील सावकारी, मजुरी, भाव आणि मापे यांची माहिती महिन्यांच्या क्रमाने लावून पाहणे. कारण वार्षिक सरासरीत आषाढ व मार्गशीर्ष एकमेकांस खाऊन टाकतात. या संदर्भात हेही लक्षात असावे की, गॅझेटियरच्या काळी शहापूरबरोबर मोजला जाणारा मोखाड्याचा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. तेव्हा जुने आकडे आजच्या सीमांशी ताडून घेतले पाहिजेत.

कुरोडा व पर्लिन यांनी तांब्याच्या नाण्यास त्याची प्रतिष्ठा परत मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. चिनी साम्राज्याच्या उदाहरणाने हेही स्पष्ट झाले की, हलके नाणे हा महान व्यवहाराचा पाया असू शकतो. परंतु शहापूर-मुरबाडच्या अभ्यासाने त्यात एक भर घातली पाहिजे. गावात नाणे होते की नव्हते, या प्रश्नाचे उत्तर पुरेसे मिळाले आहे. कोणाच्या हाती कोणते नाणे, कोणत्या महिन्यात, आणि एका मापातून दुसऱ्या मापात जाताना त्याचा बट्टा कोणी सोसला, हा प्रश्न यापुढे विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत या तालुक्यांच्या इतिहासात ‘वस्तुविनिमय’ हा शब्द जपून वापरावा, हे उत्तम.